‘वेल’ म्हणजे विहीर नव्हे

अम्मा,

तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला तेलुगू लिहिता येत नाही. म्हणजे तू असतीस तरी हे पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. बहुतेक मामाकडून. आणि त्याने अवघड वाटली ती वाक्यं गाळून मधेच स्वतःचं काहीतरी घातलं असतं. तेव्हा पोचण्याची काळजी मी करत नाही.

या आठवड्यात आमच्या कारखान्यात एक इंग्रज इंजिनिअर आला होता. मापं तपासण्याचं नवं यंत्र बसवायचं होतं. त्याचं बोलणं आमच्या फिटर लोकांना कळेना आणि फिटरांचं त्याला, म्हणून साहेबांनी मला मध्ये उभं केलं. मी तपासणी विभागात आहे. एखादा भाग मापात बसतो की नाही एवढं सांगणं हे माझं काम. त्याला बोलणं कमी लागतं आणि मला ते बरं वाटतं. पण हे काही दिवस मी दोन्ही बाजूंचं बोलले. शेवटच्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? मी तोंड उघडायच्या आत आमचे साहेब म्हणाले, कॉन्व्हेंटची असणार. मी म्हटलं, नाही, सोलापूरला, रविवारी सकाळच्या सिनेमाला, आईबरोबर. तो म्हणाला, म्हणजे तुमच्या आईंना इंग्रजी येत होतं तर. याचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही. ते इथे देते आहे.

पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष तुला आठवत असेल. शाळेत मी इंग्रजीत पहिली येत होते, पण ते इंग्रजी पुस्तकात दाबून ठेवलेल्या पानासारखं होतं, सगळ्या शिरा दिसतात आणि वास येत नाही. वर्गात सर इंग्रजीत बोलू लागले की मला शब्द वेगळेच करता येईनात. एक लांब आवाज सुरू व्हायचा आणि कुठेतरी थांबायचा. इंग्रजीचे सर एकदा मला म्हणाले, तुमचं इंग्रजी लिहिलेलं आहे, बोललेलं नाही; इंग्रजी पिक्चर बघत जा, लाज न बाळगता. मी घरी हे सांगितलं ते केवळ बातमी म्हणून. भवानी पेठेतल्या आपल्या एका खोलीत त्या वेळी माझे वडील, नायना, होते, जेवायला बसलेला मामा होता आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली तू होतीस. मामा दिवसभर अक्कलकोट रोडच्या लूमवर मराठीत बोलायचा, त्यामुळे त्याला चेष्टा मराठीतच सुचायची. तो म्हणाला, “बग की अक्का, पोरगी मडमीण व्हायली. आता आमाला वळखती का न्हाय कुणास ठाऊक.”

ही नुसती चेष्टा नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं आणि मलाही. मामा तुझा धाकटा भाऊ. तुझी आई गेल्यावर तूच त्याला वाढवलंस. आपल्यात मुलगी मामाला देतात, आणि मी पाळण्यात असतानाच तू त्याला तसा शब्द दिला होतास. मी शिकत होते ते सगळं त्या शब्दाच्या अलीकडचं होतं. डिप्लोमा झाला की लग्न, मग याच पेठेत, दोन गल्ल्या सोडून, माझं घर. मामा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मुलीने एकटीने इंग्रजी पिक्चरला जाणं शक्यच नव्हतं. नायना नको म्हणणार, हे त्यांच्या घशातल्या हालचालीवरून मला दिसत होतं. तेवढ्यात तू सुपातला जर्दा बोटाने एका कडेला सारलास आणि म्हणालीस, मी जाते हिच्याबरोबर. मामा हसत सुटला. तू जन्मात मोजके सिनेमे पाहिले होतेस, तेही देवादिकांचे. नायनांनी विचारलं, तुला काय कळणार तिथे? तू म्हणालीस, मी या गावात आले तेव्हा मला काय कळत होतं?

रविवारी विडीच्या कारखान्याला सुट्टी असायची. आपण सकाळी निघायचो. तू धुतलेलं नऊवारी नेसायचीस आणि केसांत फूल घालायचीस, लग्नाला निघाल्यासारखी. सकाळच्या खेळाला कॉलेजची पोरं असत. ती कशासाठी येतात हे तुला पहिल्याच दिवशी कळलं. पडद्यावर बाईपुरुष जवळ आले की पोरं शिट्ट्या मारायची आणि तू माझ्याकडे न बघता पदर सावरायचीस. बाल्कनीच्या दारावरचे चाचा तुला ओळखायला लागले. तिकीट फाडताना तुला आधीच सांगून ठेवायचे, “अम्मा, आज गोलियाँच गोलियाँ हैं. सोना नक्को.” तू त्यांना तुझ्या मराठीत उत्तर द्यायचीस. तुझ्या मराठीत बाईला ‘ते’ म्हणत. “ते बाई मरतंय का आज?” असं तू विचारायचीस आणि चाचा म्हणायचे, “वो नै मरती अम्मा, मरद मरता.” मग तू निश्चिंत होऊन आत यायचीस.

अंधारात तुझी बोटं चालू असायची, हे मी कधी तुला सांगितलं नाही. पान नाही, जर्दा नाही, दोरा नाही. तरी अंगठा आणि दोन बोटं मांडीवर विडी वळत राहायची. पिक्चर रंगला की वेग वाढायचा. थांबली की मला कळायचं, आता काहीतरी होणार. मी पडद्याकडे बघता बघता तुझ्या हाताकडे लक्ष ठेवायचे. तुला एकही शब्द येत नव्हता आणि माझ्याआधी तुला कळायचं.

माझी पद्धत वेगळी होती. मी शब्द पकडायचे. पहिले काही रविवार ओळखीचं सापडेल तेवढंच वेचलं. मग लक्षात आलं की शब्दाला एक अर्थ असतो हा माझा समज चुकीचा आहे. एक माणूस डोळे मिटून खुर्चीत पडलेला असतो, दुसरा त्याला काहीतरी सांगतो आणि हा डोळे न उघडता म्हणतो, ‘आय सी’. मी पाहतो. पाहत तर काहीच नव्हता. मी ते घोकत घरी आले. दुसऱ्या दिवशी वाचनालयात शब्दकोश काढला तेव्हा कळलं, तो ‘असं होय’ म्हणत होता. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, बरोबरच आहे, ऐकताना आपणही ‘हां, बघ’ म्हणतोच की. आणि मग तुझी पद्धत सांगितलीस. तू लग्न होऊन सोलापुरात आलीस तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. विडीच्या कारखान्यात तू दाराजवळ बसायचीस. बायका आत येताना काय म्हणतात आणि जाताना काय म्हणतात, एवढंच आधी शिकलीस. “दाराकडे बघ,” तू म्हणालीस. “माणूस येताना आणि जाताना खरं बोलतो. मधलं आपोआप येतं.”

मला ही पद्धत शास्त्रीय वाटली नाही. पण पुढच्या रविवारपासून मी पडद्यावरच्या दारांकडे बघू लागले आणि खरोखरच, दाराशी बोलली जाणारी वाक्यं लहान असत, स्पष्ट असत आणि पुन्हा पुन्हा येत. आत या. बसा ना. उशीर झाला. काळजी घे. वर्गातलं इंग्रजी मला हळूहळू तुटक ऐकू येऊ लागलं, म्हणजे शब्दाशब्दांमध्ये फटी दिसू लागल्या.

‘वेल’ हा शब्द मात्र तुझा. तो तुला सापडला. शाळेच्या पुस्तकात त्याच्यापुढे विहिरीचं चित्र होतं, रहाट आणि दोर. दुसरा अर्थ ठीक, बरा. पिक्चरमध्ये माणसं हा शब्द सारखी म्हणत आणि कुठे विहीर नसे, कुणी बरंही नसे. तू मात्र एका रविवारी घरी येताना ठामपणे सांगितलंस, तो शब्द म्हणजे जाणं. टोपी उचलताना म्हणतात, खुर्चीतून उठताना म्हणतात, म्हटलं की निघतात. आपलाच शब्द आहे तो. आपल्या गल्लीत निरोप देताना बहुतेक जण ‘पोयि रा’ म्हणायचे, तू मात्र तुझ्या आईसारखं ‘वेळ्ळि रा’ म्हणायचीस, जा आणि ये. नुसतं ‘जा’ कुणी कुणाला म्हणत नाही. मराठीतही नाही, माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो. तुझं म्हणणं, या गोऱ्या लोकांनी आपला निरोप उचलला पण अर्धाच. “वेळ्ळि म्हणतात, रा म्हणत नाहीत. यांच्याकडे माणूस परत येत नसेल,” असं तू म्हणालीस आणि तुला वाईट वाटलं, जणू ती सगळी माणसं तुझ्या शेजारची होती.

मी तुला समजावलं की दोन भाषांमधले शब्द नुसते ऐकायला सारखे असतात, तो योगायोग असतो. तू ऐकून घेतलंस. पण मी पुढे पाहत राहिले तेव्हा बऱ्याच वेळा तुझं बरोबर निघालं. म्हणून मीही तो अर्थ धरून चालले.

त्याचा परिणाम तोंडी परीक्षेत झाला. बाहेरगावचे परीक्षक होते, बोलणं अस्खलित. त्यांनी मला मापातल्या सुटीबद्दल विचारलं, म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा भाग किती मोठा किंवा लहान झाला तर चालेल. मी नीट सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “वेल...” मी उठले, ‘थँक यू, सर’ म्हटलं आणि दार उघडून बाहेर गेले. बाहेर मुलं रांगेत होती. मागून शिपाई धावत आला, “ओ बाई, कुटं चाललाव? माघारी या की. साहेबांचं इचारणं अजून व्हायचंय.” मी परत जाऊन बसले. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, का गेलात? मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, तुम्ही जा म्हणालात. रांगेतल्या मुलांनी दारातून हे ऐकलं. पुढचं सगळं वर्ष मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी लांबट सुरात ‘वेऽऽल’ म्हणायचं आणि बाकीचे उभे राहायचे.

त्या दिवशी घरी येऊन मी तुला जसं झालं तसं सांगितलं, आवाज न चढवता. तू आधी घाबरलीस, नापास केलं का म्हणून. नाही केलं म्हटल्यावर तुला हसू फुटलं. सूप बाजूला ठेवून हसलीस, भिंतीला टेकून हसलीस, आणि ते हसणं खोकल्यात गेलं. खोकला तुला होताच. विडी वळणाऱ्या बायकांना असतो. पण त्या दिवशी तो थांबेना. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, “तो उठला होता का?” मी म्हटलं, नाही, बसला होता. “मग तू कशाला उठलीस? जो म्हणतो तो जातो.” मला तेव्हाही हसू आलं नाही. आज येतं.

आणखी एक पिक्चर सांगायला हवा, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. गावाकडचं घर असतं, एक मुलगी आणि तिची म्हातारी आई. मुलीला शहरात काम मिळतं. दोघी स्वयंपाकघरात उभ्या असतात, नळ गळत असतो. मग ती आई हात पुसते, मुलीची पेटी स्वतः उचलून दाराबाहेर ठेवते आणि म्हणते, ‘वेल’. मुलगी जाते. तुझी बोटं थांबलेली होती. येताना तू विचारलंस, ती परत येते का? मी म्हटलं, दाखवलं नाही. तू म्हणालीस, “त्या बाईने ‘ये’ म्हणायला पाहिजे होतं.” थोडं चालल्यावर पुन्हा म्हणालीस, “म्हटलं असतं तर पोरगी गेली नसती.” तू पिक्चरबद्दल बोलते आहेस असं मी धरून चालले. तसं धरणं सोयीचं होतं.

डिप्लोमा झाला तेव्हा मामा जिलेबी घेऊन आला. लग्नाचं बोलणं सुरू झालं आणि त्याच महिन्यात पुण्याच्या या कारखान्याचं बोलावणं आलं. मुलाखत इंग्रजीत झाली. मी कुठल्याही शब्दावर उठले नाही. त्यांनी मला घेतलं. नायना म्हणाले, तुझ्या आईला विचार, शब्द तिने दिलेला आहे. तोवर तू दवाखान्यात होतीस. छातीचं दुखणं आता खोकल्याच्या पलीकडे गेलेलं होतं. मी तुला विचारलंच नाही. फक्त सांगितलं की असं असं पत्र आलं आहे, अमुक दिवशी रुजू व्हायचं आहे. तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालीस, “आय सी.” शेजारच्या खाटेवरची बाई दचकून बघायला लागली.

निघायच्या दिवशी गाडी दुपारची होती. माझी पेटी मामाच्या सायकलला बांधलेली, सायकल दवाखान्याच्या पायरीशी. मला स्टेशनवर तोच सोडणार होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून आला होता. नोकरी थोड्या दिवसांची आहे, दिवाळीपर्यंत परत येईल, असं तो चारचौघांत सांगत होता, पण माझ्याकडे बघून सांगत नव्हता. तो खाटेच्या एका बाजूला उभा राहिला, मी दुसऱ्या. तू आधी त्याच्याकडे बराच वेळ बघितलंस. त्याच्या शर्टाच्या बाहीवर सुताचा पुंजका चिकटला होता, तो तू काढलास. मग माझ्याकडे वळलीस. मी वाट बघत होते. ‘वेळ्ळि रा’ ऐकायचं आणि ‘येते’ म्हणायचं, हे आपलं शाळेत जाताना रोजचं होतं. त्यात निरोप देणारीचं वाक्य आधी असतं.

तू म्हणालीस, “वेळ्...”

आणि थांबलीस. दम लागला होता का, ते मला सांगता येत नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. ओठ मिटले होते, उघडे नव्हते. डोळ्यांत पिक्चर सुटल्यानंतरचं जे हसू असायचं ते होतं, किंवा मला तसं वाटलं. मामा खाली वाकून मला म्हणाला, “अक्का वेळ म्हन्ती. गाडीची वेळ झाली. चल.” त्याने मराठी ऐकलं. मी काय ऐकलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तीन भाषांमध्ये तो शब्द बसतो आणि तिन्हींमध्ये त्याचा अर्थ त्या दिवशी एकच होता. फक्त शेवटचं अक्षर नव्हतं.

पुण्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात तार आली. मी येईपर्यंत सगळं उरकलं होतं. मामाने मला स्टेशनवरून आणलं, सायकलच्या मागे बसवून. गल्लीच्या तोंडाशी तो उतरला आणि म्हणाला, “अक्कानं मला सांगितलंय. तू हितं थांबू नको.” कधी सांगितलं, कोणत्या शब्दांत, हे मी विचारलं नाही. त्याने पुढे लग्न केलं. त्याची धाकटी मुलगी तुझ्यासारखी हसते. मी दिवाळीला जाते तेव्हा निरोप तोच देतो, पूर्ण, दोन्ही शब्दांचा.

आता मला इंग्रजी येतं. त्या शब्दाबद्दल सांगायचं तर बोलताना त्याला बहुधा काही अर्थच नसतो. माणूस पुढचं बोलायच्या आधी जरा थांबतो, तेवढी ती जागा असते. हे कळायला मला खूप पिक्चर बघावे लागले, आणि कळल्यापासून मी अर्थ शोधायचं सोडलं आहे, असं समजत होते.

परवा जेवण झाल्यावर त्या इंग्रजाने ताट सरकवलं आणि तो म्हणाला, “वेल...” बाकी सगळे बसून होते. मी अर्धी उठले होते. साहेबांनी विचारलं, काय हवं? मी म्हटलं, पाणी, आणि जाऊन खरोखर पाणी आणलं. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, तेव्हा लिहिते. हे दर वेळी होतं. तो शब्द ऐकला की मी खुर्चीतून थोडी उठते, आणि मग कुणाच्या लक्षात येणार नाही इतका वेळ थांबते, पुढच्या ‘रा’साठी.